गाणं ओठावर, नाव कुठे?

मैत्रिणींनो, एक छोटीशी परीक्षा घेऊन बघा. कागद घ्या आणि आवडीची दहा जुनी गाणी एकाखाली एक लिहा. शेजारी चार रकाने आखा. पहिल्यात गाणाऱ्याचं नाव, दुसऱ्यात गीतकाराचं, तिसऱ्यात संगीतकाराचं आणि चौथ्यात ज्यांनी वाद्यं वाजवली त्यांची नावं. पहिला रकाना भराभर भरतो. दुसऱ्यात पेन अडखळतं. तिसऱ्यात शेजारणीला विचारावं लागतं. चौथा रकाना कोराच राहतो!

आमच्या तालुक्याच्या गावी महिला मंडळाच्या हळदीकुंकवाला मी हा खेळ घेतला होता. तीस-पस्तीस बायका होत्या. नायिकेने कुठल्या रंगाची साडी नेसली होती, हे सगळ्यांना पाठ. पण तीच गाणी कुणी लिहिली म्हटलं, की एकमेकींकडे बघणं सुरू. यात बायकांना नावं ठेवायचं काही कारण नाही. रेडिओ लावून भाकऱ्या थापताना निवेदक काय सांगतो ते कुकरच्या शिट्टीत विरून जातं. पण त्या दिवशी एक विषय मात्र निघाला. गाण्यांबद्दल कुणी पुस्तकं लिहिली असतील का? लिहिली असतील, तर आपण ती वाचायची का?

त्या वर्षी वाणाला प्लॅस्टिकचे डबे न वाटता ते पैसे पुस्तकांना द्यायचे ठरले होते. रक्कम बेताचीच. त्यामुळे वाद झाला. कुणाला पाककृतींची पुस्तकं हवी होती, कुणाला संतचरित्रं. "अहो ताई, गाणं ऐकायचं असतं, ते वाचायचं काय?" असं एकीने तोंडावर विचारलं. एका वाचनालयाच्या कमिटीतल्या गृहस्थांनी तर सल्ला दिला, "ही टाइमपासची पुस्तकं. बायकांसाठी काहीतरी उपयोगाचं घ्या." का कोण जाणे, पण या वाक्यानंतर विरोधातल्या दोघी-तिघीसुद्धा आमच्या बाजूने झाल्या! दर गुरुवारी दुपारी आम्ही वाचायला लागलो. मराठी पुस्तकं आळीपाळीने मोठ्याने वाचायची. इंग्रजी असेल, तर मी घरी वाचून येते आणि मराठीत सांगते. ऐकता ऐकता हात मोकळे नसतात. कुणी लसूण सोलतं, कुणी मेथी निवडतं.

आवड आणि पारख

मराठीत या विषयावर चांगलं लेखन झालं आहे. माधव मोहोळकरांचं 'गीतयात्री' वाचावं. जुन्या हिंदी गाण्यांवर मनापासून प्रेम करणारा अभ्यासू माणूस बोलतो आहे, असं वाटतं. शिरीष कणेकरांचं 'गाये चला जा' म्हणजे गप्पांचा फड. कणेकर २०२३ साली गेले, पण त्यांचा तो खट्याळ सूर पुस्तकात तसाच आहे. मृदुला दाढे-जोशी स्वतः गातात आणि शिकवतात. त्यांच्या 'रहें ना रहें हम'मध्ये चाल कशी बांधली, एखादा स्वर नेमका त्याच शब्दावर का ठेवला, हे उलगडून सांगितलेलं आहे. ते वाचून तेच गाणं पुन्हा लावलं, की एरवी कधी कानावरच न पडलेली बासरीची एक ओळ ऐकू येते. आमच्यातली एक म्हणाली, "इतकी वर्षं मी हे गाणं अर्धंच ऐकत होते की!"

गाणं वाचायचं कशाला, याचं पहिलं उत्तर असं मिळालं. दुसरं उत्तर मात्र मला स्वतःला अपेक्षित नव्हतं. ते नावांचं होतं.

"माझं नाव गौहर जान"

विक्रम संपत यांनी २०१० साली गौहर जानचं चरित्र लिहिलं. सुजाता देशमुखांनी ते मराठीत आणलं आहे. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या साहेबांनी आपल्याकडची पहिली ध्वनिमुद्रणं केली. त्या वेळी घरंदाज म्हणवणाऱ्या घरांतल्या बायका भोंग्यासमोर गायला तयार नव्हत्या. ज्या तयार झाल्या त्या कोठ्यांवरच्या, दरबारातल्या गाणाऱ्या. गौहर जान त्यांतली सर्वांत गाजलेली. तासभर रंगणारं गाणं तिने तीन मिनिटांत बसवलं. गाणं संपलं, की ती इंग्रजीत ठणकावून सांगायची, की माझं नाव गौहर जान. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार व्हायच्या. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं ते कळावं म्हणून ही सोय होती. सोय कंपनीची, पण काम बाईचं झालं. आज सव्वाशे वर्षांनीही तबकडी लावली, की ती स्वतःचं नाव स्वतः सांगते.

याच बाईला पुढे मालमत्तेच्या खटल्यात स्वतःच्या वडिलांना शोधून काढून आपला जन्म सिद्ध करावा लागला. शेवटी मैसूरला १९३० साली ती गेली, ती वैभव ओसरल्यावरच. हे प्रकरण वाचलं त्या गुरुवारी लसूण तसाच राहिला. मी सामाजिक काम करते, तेव्हा सातबाऱ्यावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालणाऱ्या बायका रोज बघते. 'कागदावर नाव नाही म्हणजे तू नाहीस' हा अनुभव आमच्यात कुणाला नवा नाही. इतक्या गाजलेल्या बाईलाही तो चुकला नव्हता, याचं मात्र नवल वाटलं.

कामिनी कोण?

पुढची गंमत बघा. १९०२ साली गाणारी आपलं नाव सांगत होती. त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी, १९४९ साली 'महल' आला. त्यातलं 'आयेगा आनेवाला' देशभर गाजलं. पण तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. कामिनी हे सिनेमातल्या पात्राचं नाव! पार्श्वगायन नवं होतं आणि पडद्यावरची नायिकाच गाते असं लोकांना वाटावं, अशी पद्धत होती. श्रोत्यांनी रेडिओकडे चौकशी केली, हा आवाज कुणाचा? मग रेकॉर्ड कंपनीकडून नाव कळलं, लता मंगेशकर.

फिल्मफेअर पुरस्कार १९५४ साली सुरू झाले, तेव्हा संगीतकाराला बक्षीस होतं, पण गाणाऱ्याला आणि लिहिणाऱ्याला नव्हतं. लताबाईंनी त्या समारंभात गायला नकार दिला. १९५९ पासून पार्श्वगायन आणि गीतलेखन यांचे पुरस्कार सुरू झाले आणि गायनाचा पहिला त्यांनाच मिळाला, 'मधुमती'तल्या गाण्यासाठी. नाव हा नुसता मानाचा प्रश्न नव्हता, त्यामागे पैसा येतो. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. सिनेमागृहाबाहेर गाणं वापरलं गेलं, तर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीत वाटा मिळालाच पाहिजे आणि तो कुणी आधीच लिहून घेऊ शकत नाही, असं तेव्हा ठरलं. ज्याचं नाव नोंदलेलं, त्याचाच वाटा, हे बचत गटाचं रजिस्टर सांभाळणाऱ्या बाईला समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या मराठीतली दोन उदाहरणं तर आणखी जवळची. भालजी पेंढारकरांच्या 'मोहित्यांची मंजुळा' (१९६३), 'साधी माणसं' (१९६५) अशा चित्रपटांना 'आनंदघन' नावाच्या संगीतकाराचं संगीत होतं. 'साधी माणसं'ला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला आणि आनंदघन म्हणजे लता मंगेशकरच, हे सगळ्यांना कळलं. आणि 'अवघाचि संसार' (१९६०) चित्रपटाची गाणी लिहिणारे डॉ. वसंत अवसरे कोण? आपल्या शांताबाई शेळके! दोघीही आपापल्या क्षेत्रात मान्यता पावलेल्या. तरीही चाल देताना एकीने आणि सिनेमासाठी लिहिताना दुसरीने वेगळं नाव घेतलं. टोपणनावं पुरुषही घेतात, हे खरं. तरी या दोन नावांवर आमची गुरुवारची सगळी दुपार गेली.

'व्हॉइस ऑफ लता'

त्या दुपारी आमच्या गटातल्या एक काकू कोपऱ्यात गप्प बसल्या होत्या. वय सत्तरच्या आसपास, घर, नातवंडं आणि देवळातलं भजन एवढंच त्यांचं जग, असं आम्ही समजत होतो. सगळ्या उठायला लागल्या तेव्हा त्या म्हणाल्या, "माझंसुद्धा एक नाव होतं. व्हॉइस ऑफ लता."

पन्नास वर्षांपूर्वी गावोगाव ऑर्केस्ट्रा जोरात होते, हे तुमच्यापैकी अनेकींना आठवत असेल. जाहिरातीच्या फलकावर 'व्हॉइस ऑफ रफी', 'व्हॉइस ऑफ मुकेश' असं मोठ्या अक्षरांत असायचं. काकू लग्नाआधी चार वर्षं अशा एका ऑर्केस्ट्रात गायल्या होत्या. जत्रेला, गणपतीला, साखर कारखान्याच्या समारंभाला. रात्री वडील सोबत असायचे. चार वर्षांत एकदाही फलकावर स्वतःचं नाव आलं नाही. मग बघण्याचा कार्यक्रम झाला, मंडळींनी मुलगी पसंत केली आणि एकच अट घातली, स्टेज बंद. काकूंनी ती पाळली. इतकी पाळली, की त्यांच्या मुलालाही हे माहीत नव्हतं.

त्यांनी हे आत्ताच का सांगितलं, ते नंतर कळलं. नातीला गाण्याच्या स्पर्धेत भाग घ्यायचा होता आणि घरात वाद चालला होता. "मुलींनी असं चारचौघांत गाणं आपल्यात नाही," असं मुलाचं म्हणणं. त्या आठवड्यात काकू जेवणाच्या पानावर मुलाला म्हणाल्या, "आपल्यात आहे. मी गायले आहे." पुढे काय झालं? सिनेमात होतं तसं काही झालं नाही. नात स्पर्धेत दुसऱ्या फेरीतच बाहेर पडली. पण आठवड्यातून दोनदा ती शिकायला जाते आणि काकू तिला सोडायला जातात. मुलगा अजून ऐकायला येत नाही. घरातला एक जुना फोटो मात्र ट्रंकेतून निघून भिंतीवर आला आहे. फोटोत माइकसमोर दोन वेण्या घातलेली एक मुलगी उभी आहे.

मोजदाद करणारी माणसं

सगळीच पुस्तकं गोष्टीसारखी वाचायची नसतात, काही संदर्भाला घ्यायची असतात. कानपूरच्या हरमंदिर सिंह 'हमराज' यांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' तयार केला. १९३१ च्या 'आलम आरा'पासून दशकादशकाचे खंड. प्रत्येक सिनेमा, त्यातलं प्रत्येक गाणं, गायक, गीतकार, संगीतकार. पूर्वी थिएटरबाहेर काही आण्यांना गाण्यांची चोपडी मिळायची, आठवतं? आपण ती रद्दीत घातली. या माणसाने तशाच चोपड्या, तबकड्या आणि जाहिराती गोळा करून हा कोश उभा केला. मुंबईच्या विश्वास नेरुरकरांनीही लताबाईंच्या गाण्यांची सूची अशीच चिकाटीने केली.

याचा उपयोग काय? गिनीज बुकाच्या १९७४ च्या आवृत्तीत लताबाईंच्या नावावर किमान पंचवीस हजार गाणी नोंदली गेली होती. महंमद रफींनी त्यावर हरकत घेतली. पुढे सूची करणाऱ्यांनी एकेक गाणं मोजलं, तेव्हा हिंदी सिनेमातली गाणी पाच-सहा हजारांच्या आसपासच निघाली. गिनीजने १९९१ साली ती नोंद काढून टाकली. म्हणून लताबाई लहान झाल्या का? अजिबात नाही. पण ऐकीव मोठेपणा आणि मोजलेलं काम यांतला फरक कळला. आपल्या घरात "मी काय विशेष करते?" म्हणणाऱ्या बायकांनी एकदा दिवसभराची कामं मोजून लिहावीत, असं मला तेव्हापासून वाटतं. तिथे हिशोब उलटा निघेल.

चौथा रकाना

आता तो कोरा राहिलेला चौथा रकाना. ऑकलंड विद्यापीठातले ग्रेगरी बूथ यांनी मुंबईच्या स्टुडिओतल्या वादकांना भेटून, बोलतं करून 'बिहाइंड द कर्टन' (२००८) हे पुस्तक लिहिलं. व्हायोलिन, ट्रम्पेट, सॅक्सोफोन वाजवणारे आणि वाद्यमेळाची रचना लिहून काढणारे अनेक जण गोव्याचे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले. 'अमर अकबर अँथनी' (१९७७) मधल्या गाण्यात नायक जे नाव सांगतो, ते या गुरूचं आहे. गोन्साल्विस २०१२ साली वारले. अख्ख्या देशाने ज्यांचं नाव गुणगुणलं, ते खरोखर कुणाचं हे थोड्यांनाच माहीत होतं. पुढे सिंथेसायझर आणि संगणक आले आणि नव्वदीच्या दशकात हे मोठे वाद्यवृंद ओसरले.

बूथ यांचंच 'ब्रास बाजा' (२००५) हे पुस्तक लग्नातल्या बँडवाल्यांवर आहे. हे सांगितल्यावर सगळ्या बायका हसल्या, बँडवर पुस्तक? मग हळूहळू बोलायला लागल्या. आपल्याकडे वरात येते, बँडवाला भर उन्हात फौजी थाटाचा डगला घालून फुंकतो, आपण नाचतो, नवऱ्यामुलाला ओवाळतो. त्या माणसाला पाणी कुणी विचारलं? पुढे आमच्या मंडळातल्या एकीच्या मुलाचं लग्न होतं. तिने बँडवाल्यांची पंगत पाहुण्यांबरोबर मांडली आणि आभारात केटररच्या आधी त्यांच्या प्रमुखाचं नाव घेतलं. नातेवाइकांतून थोडी कुजबूज झाली. "होऊ दे," म्हणाली.

सगळंच गोड नाही

गाण्यांवरच्या चांगल्या पुस्तकांत नुसती स्तुती नसते, टीकाही असते. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी लावणी आणि पोवाडा यांवर लिहिलेला लेख २००२ साली आला. लावणी सादर करणाऱ्या बाईची जात, तिचं पोट आणि समोर बसलेल्याची सत्ता यांचा विचार केल्याशिवाय लावणी 'रंगतदार' म्हणून सोडून देता येत नाही, हे तो लेख वाचल्यावर लक्षात येतं. लावणी बोलते बाईच्या तोंडून, पण नावाजलेले जुने लावणीकार पुरुषच. यावर आमच्यात चांगलीच जुंपली. "मग आता लावणी ऐकायचीच नाही का?" एकीचा सवाल. दुसरी म्हणाली, "ऐकायची. पण नाचणारीला घरी गेल्यावर काय मिळतं, हेही विचारायचं." तिसरीचं मत, की एवढा विचार केला तर मजा जाते. एकमत झालं नाही, पण वाद घालून त्या पुढच्या गुरुवारी पुन्हा आल्या.

सुरुवात कशी कराल?

पुष्कळ पैसे लागत नाहीत. गावच्या वाचनालयात वर उल्लेखलेल्यांपैकी एखादं मराठी पुस्तक असेलच. नसेल, तर ग्रंथपालांकडे चार-पाच जणींच्या सह्यांनिशी लेखी मागणी द्या, एकटीच्या तोंडी मागणीपेक्षा तिचा उपयोग होतो. एका वेळी एकच प्रकरण वाचा आणि त्यातलं गाणं मोबाइलवर लावून ऐका. आधी वाचन, मग गाणं, मग पुन्हा तो उतारा. इंग्रजी पुस्तक असेल, तर कॉलेजात जाणाऱ्या मुलीला किंवा भाचीला सोबत घ्या. तिचं इंग्रजी आणि तुमची गाण्याची जाण, दोन्ही कामी येतात.

आणि एक वही घाला. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या ओव्या जमवल्या, एक लाखाहून अधिक. ओवीबरोबर ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गावही त्यांनी टिपून ठेवलं. आपण तेच आपल्या गावापुरतं करू शकतो. भजनी मंडळात पेटी कोण वाजवायचं, मेळ्यात कोण गायचं, हळदीची गाणी कुणाला येतात, गावच्या बँडमध्ये कोण होतं, ऑर्केस्ट्रात कुणी मुलगी गायली होती का. आमच्या वहीत आजवर एकवीस नावं झाली आहेत. त्यांतल्या तिघी गेल्या वर्षभरात वारल्या, म्हणून घाई करा. नाव लिहाल तेव्हा माहेरचं आणि सासरचं, दोन्ही लिहा. गाणं बहुतेकींनी माहेरच्या नावानेच म्हटलेलं असतं.